मांडीतील रोहिण्या आणि गाडीवानाचा पाय

जांघेच्या घडीवर, साधारण मध्यभागी, बोटे किंचित दाबून धरा. ठोके लागतील. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात. ही मांडीची मुख्य, फेमोरल रोहिणी. प्रौढ माणसात ती सुमारे पेन्सिलीएवढी जाड असते.

नाव मांडीचे असले, तरी मांडीचे पोषण ती स्वतः फारसे करीत नाही. जांघेखाली सुमारे ४ सेंटिमीटरवर तिला एक जाड फांदी फुटते. ही प्रोफुंडा, म्हणजे खोल रोहिणी. मांडीच्या स्नायूंना रक्त पुरविण्याचे काम मुख्यतः हिचे. मूळ रोहिणी मात्र मधल्या स्टेशनांवर न थांबणाऱ्या जलद गाडीसारखी स्नायूंमधील एका बोगद्यातून गुडघ्यामागे निघते व पोटरी-पावलांना रक्त देते.

आता ही जलद गाडीच बंद पाडली तर? १७८५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये जॉन हंटर या शस्त्रवैद्याने नेमके तेच केले. एका गाडीवानाच्या गुडघ्यामागे रोहिणी फुग्यासारखी फुगली होती. फुगा फुटला की मृत्यू. म्हणून पुष्कळदा मांडीतूनच पाय कापून टाकीत. हंटरने फुग्याला हात न लावता वर, बोगद्यात, रोहिणी निरोगी होती तेथे ती दोऱ्याने बांधली. (भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती, हे लक्षात घ्या!) सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान घरी गेला व पुन्हा गाडी हाकू लागला.

पाय जगला कसा? गाठ प्रोफुंडाच्या उगमाखाली होती. तिच्या फांद्यांचे बारीक फाटे गुडघ्याभोवती खालच्या रोहिण्यांच्या फाट्यांना मिळतात. मुख्य रस्ता बंद होताच रक्त या आडवाटांनी वाहू लागते आणि काही आठवड्यांत त्या रुंदावतात.

येथे आमचे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. दाब व लांबी तीच असेल, तर नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या दुप्पट, तर प्रवाह १६ पट! वाहिनी केवळ एक पंचमांशाने रुंदावली, तरी १.२ चा चौथा घात २.०७, म्हणजे प्रवाह दुपटीवर जातो. रोहिणी लवचिक व रक्त ठोक्यांनी वाहणारे, म्हणून हा हिशेब ढोबळच. हा नियम प्रयोगांनी शोधणारा पॉयझय स्वतः फ्रेंच डॉक्टर होता, ही गंमत वर्गात अवश्य सांगावी.

आज अशा फुग्याला वळसा देणारी दुसरी वाहिनी जोडतात, किंवा आतून नळी बसवितात. मांडीतील त्या बोगद्याला मात्र अजूनही हंटरचेच नाव आहे.