आधी पाण्याचा विचार कर

बाळा, उद्यापासून तू साहेबांची बॅग खांद्यावर घेणार. अंतर सांगणं, बॉल शोधणं, बंकरमधली वाळू सारखी करणं महिनाभरात जमेल. ग्रीनचं, म्हणजे कपाभोवतीच्या हिरवळीचं, तसं नाही. येरवड्याच्या गोल्फ मैदानावर माझी तीस वर्षं गेली. साहेब दुसऱ्या खेपेला नाव घेऊन बोलावतात ते ग्रीनवरच्या कामासाठीच, हे मी छातीठोक सांगतो.

ग्रीन वीस-तीस पावलांवर असतानाच बघायला लाग. जवळ गेलास की उतार डोळ्याला फसवतो. तू शेतात दारं धरली आहेस ना? पाट फोडला की पाणी कुठे पळणार हे तुला न मोजता कळतं. इथेही तेच. पाणी साचू नये म्हणून ग्रीन बांधतानाच त्याला उतार दिलेला असतो. बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठून बाहेर जाईल, एवढं मनाशी विचार. मग उताराच्या खालच्या अंगाला जाऊन उकिडवा बस आणि वर बघ. वरून सपाट वाटणारी जागा खालून बोलायला लागते.

आता गवत. आपल्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुधा बर्म्युडा असतं, म्हणजे आपल्या हरळीचंच कूळ. हरळी बांधावर कशी सरपटते ते तू पाहिलंयस. गवत चकाकलं तर ते तुझ्यापासून पुढे झुकलंय, बॉल पळेल. काळपट दिसलं तर अंगावर येतंय, बॉल अडेल. शंका आली तर कपाचा काठ बघ. एका बाजूची कड करपलेली, झिजलेली दिसते. भोक पाडताना तिकडच्या पात्यांची मुळं तुटलेली असतात. गवत त्याच बाजूला वाढतंय.

आधी वेग ठरव, लाईन नंतर. कप सव्वाचार इंचांचा आहे. रमतगमत येणाऱ्या बॉलला तो काठापासून काठापर्यंत मिळतो, जोरात येणाऱ्याला फक्त मधला भाग. पण हळू बॉल जास्त वळतो, म्हणून कपाजवळचे शेवटचे दोन-तीन फूट नीट वाच. उतरणीवर वळण जास्त धर, चढावर कमी. सकाळी सातला दवात जो पट, म्हणजे ग्रीनवरचा फटका, एक कप डावीकडे होता, तोच अकराला गवत सुकल्यावर दोन कप होतो. पावसाळ्यात तर सगळंच जड.

आणि आकडा एकदाच सांग. एका स्पर्धेत शेवटच्या होलला मी म्हणालो, ‘साहेब, दोन कप उजवीकडे.’ त्यांनी पाय रोवले, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘नाही, दीड.’ दीडच बरोबर होता. पण त्यांचे हात घट्ट झाले, पटर थबकला, बॉल तीन फूट अलीकडे राहिला. तो तीन फुटांचा पटही चुकला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मनात धाकधूक असेल तर आधीच पुन्हा फिरून बघ. पाय रोवल्यावर गप्प. तेव्हा लाईनच्या मागूनही बाजूला हो. 2019 पासून तिथे मुद्दाम उभा राहिलास तर साहेबांना दोन स्ट्रोकचा दंड बसू शकतो.

आपण बॅगवाले, आपलं कोण ऐकणार, असं मनात आणू नकोस. गोल्फपटू अली शेर आपल्यासारख्याच कॅडीगिरीतून वर आले आणि 1991 मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली.

आणखी एक. चार फुटांच्या पटला मी साहेबांना सांगायचो, ‘बॉलच्या मागे नजर नेऊ नका, कपात पडल्याचा आवाज ऐका.’ डोकं लवकर उचललं की खांदा वळतो, पटरचं तोंड फिरतं, आणि सरळ जाणारा बॉल कपाच्या कडेने निघून जातो.