कंपवात आणि अस्वस्थ रात्र

प्रश्न : वडिलांस कंपवात आहे. रात्री ते झोपेतच ओरडतात, लाथा झाडतात. एकदा आईस मारही लागला. शेजारी बाहेरची बाधा म्हणतात. झोपेची गोळी द्यावी काय?
– एक वाचक, रामपायली (जि. बालाघाट)

उत्तर : ही बाधा नव्हे, आणि आपल्या मातोश्रींवर वडिलांचा रोषही नव्हे, हे प्रथम निःशंकपणे सांगतो. स्वप्नावस्थेत मस्तिष्कस्तंभातील जी यंत्रणा निरोगी माणसाचे स्नायू शिथिल ठेवते, तीच या व्याधीत क्षीण होते, आणि मग स्वप्नात चाललेली झुंज प्रत्यक्ष हातापायांनी खेळली जाते. मिनियापोलिसच्या डॉ. शेंक व डॉ. माहोवाल्ड यांनी १९८६ साली झोपेतील या विकाराचे वर्णन केले. पुढे असे आढळले की, कित्येक रुग्णांत तो कंपाच्या अनेक वर्षे आधीच प्रकट होतो. कंपवातास ज्याचे नाव मिळाले त्या जेम्स पार्किन्सनने तर १८१७ च्या आपल्या निबंधातच रुग्णांच्या अस्वस्थ झोपेची नोंद केली होती.

दुकानातून परस्पर गोळी आणू नये. तिने गुंगी, भ्रम व पडण्याचे भय वाढते. मेलाटोनिन वा क्लोनाझेपाम यांची तजवीज मेंदूविकारतज्ज्ञानेच करावी. त्यासाठी नागपुरास जाताना चालू औषधांची यादी न्यावी, कारण नैराश्यावरील काही औषधांनी हा त्रास बळावतो. आणि झोपेतील प्रकार मोबाइलवर चित्रित करून दाखवावा, कारण रुग्णास सकाळी पुष्कळदा काहीच आठवत नाही. तोवर अंथरूण जमिनीलगत असावे, उशाशी काच वा धारदार वस्तू नसावी आणि मातोश्रींनी निःसंकोच वेगळ्या खाटेवर झोपावे.