पट्ट्याची आधारपुली व तिचे बेअरिंग बदलणे

शेतमाल बाजारात वेळेवर पोहोचविण्याचे काम आज पुष्कळ ठिकाणी लहान मोटारगाडी करीत असते. जुन्नर भागातील टोमॅटो घेऊन गाडी रात्री माळशेज घाटाने कल्याणकडे निघावी आणि वाटेत एंजिनावरील तळहाताएवढी पुली अडकून बसावी, म्हणजे मालाची नासाडी ठरलेलीच. परंतु त्याहून मोठा धोका गाडीतील माणसांना असतो. म्हणून या लहानशा भागाची माहिती प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

आधारपुलीचे कार्य

एंजिनाच्या पुढील बाजूस असलेला पट्टा अल्टरनेटर व बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवितो. या पट्ट्याला योग्य वळण व ताण देणारी, परंतु स्वतः कोणतेही यंत्र न चालविणारी जी पुली, ती आधारपुली होय. कारागीर तिला ‘आयडलर’ म्हणतात. तिच्या पोटात गोळ्यांचे बेअरिंग असते. बेअरिंगचे आतील कडे बोल्टने जखडलेले असते व बाहेरील कडे पुलीबरोबर फिरते.

चिखल, धूळ, जोराच्या फवाऱ्याने धुताना आत शिरलेले पाणी आणि पट्ट्याचा फाजील ताण यांमुळे बेअरिंगमधील वंगण नाहीसे होते. पुली अडकली की पट्टा घासून जळतो व तुटतो. मग पाण्याचा पंप थांबून एंजिन तापते व त्याचे हेड वाकण्याचा संभव असतो. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पंप अल्टरनेटरवरच बसविलेला असतो. तेथे पट्टा तुटल्यावर थोड्याच वेळात ब्रेकचे पायदान कठीण होते. घाटउतारावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

दोष कसा ओळखावा

घरघर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज ही पहिली सूचना होय. एंजिन चालू असता पट्ट्याजवळ हात नेऊ नये. उपरणे, पदर वा सैल बाही तेथे लोंबू देऊ नये. निश्चित परीक्षा एंजिन बंद करून व पट्टा उतरवूनच करावी. पुली हाताने फिरवावी. ती खरखरत असेल, बाजूंना हलत असेल, किंवा वंगण सुकल्यामुळे सुटी होऊन भिरभिरत राहत असेल, तर बेअरिंग निकामी झाले असे समजावे.

बदलण्याची रीत

एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे चित्र कागदावर काढून ठेवावे. या एका कागदाने पुढचा एक तासाचा घोटाळा वाचतो. नंतर ताण देणारा भाग पान्याने सैल करून पट्टा उतरवावा.

आधारपुलीचा बोल्ट सोडविण्यापूर्वी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते माहितीपुस्तकात पाहावे, कारण काही गाड्यांत ते उलटे असतात. वॉशर व चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवाव्यात.

प्लॅस्टिकच्या पुलीत बेअरिंग कायमचे बसविलेले असल्यास संपूर्ण पुलीच बदलावी. लोखंडी पुलीत सर्क्लिप असल्यास ती काढून बेअरिंग दाबयंत्राने बाहेर काढता येते. नवे बेअरिंग घेताना जुन्यावरील क्रमांक दुकानदारास दाखवावा. उदाहरणार्थ, ६२०३ या क्रमांकाच्या बेअरिंगचे भोक १७ मिलिमीटर, बाहेरील व्यास ४० मिलिमीटर व रुंदी १२ मिलिमीटर असते. क्रमांकापुढे ‘२ आर एस’ असल्यास दोन्ही बाजूंस रबरी झाकण आहे असे जाणावे. असे बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नये.

नवे बेअरिंग बसविताना दाब बाहेरील कड्यावरच द्यावा. आतील कड्यावर दाब दिल्यास तो गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. हातोड्याचा उपयोग टाळावा. सर्क्लिप आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करावी.

पुली परत लावताना बोल्ट प्रथम हाताने फिरवावा व नंतर माहितीपुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क-पान्याने आवळावा. पट्ट्यास भेगा असल्यास तोही बदलावा. चित्राप्रमाणे पट्टा चढवून त्याच्या रेघा पुलीच्या खाचांत नीट बसल्या आहेत हे पाहावे. ताण देऊन एंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवावे व मगच तार जोडून ते सुरू करावे. थोडा वेळ चालवून बंद करावे आणि पट्टा सरकला नाही ना, हे पुन्हा तपासावे.

विशेष सूचना

एंजिनाच्या आवरणाखाली असलेल्या टायमिंग पट्ट्याची आधारपुली वेगळी असते. तेथे चूक झाल्यास झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळण्याचा संभव असल्याने ते काम कुशल कारागिराकडेच सोपवावे.

प्रवासात बॅटरीचा तांबडा दिवा लागून तापमानाचा काटा चढू लागल्यास गाडी तत्काळ सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बाजार गाठण्याच्या घाईने पुढे रेटलेली गाडी बाजारही गाठत नाही आणि एंजिनही गमावते. हंगामापूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची जी दक्षता आपले वडीलधारे घेत, तीच दक्षता या लहानशा पुलीविषयी घ्यावी.