उलटलेले नाणे ओळखा!

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात मते संगणकावर नोंदवली जात होती. एका उमेदवाराला शक्यच नव्हती इतकी मते मिळालेली दिसली! फेरमोजणीत बरोबर ४०९६ मते जादा निघाली.

४०९६ म्हणजे २ चा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितात. अशा एका अंकाला ‘बिट’ म्हणतात. उजवीकडून तेराव्या बिटाची किंमत ४०९६ असते. तिथे ० चा १ झाला, की तेवढी भर पडणारच! प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. एक बिट आपोआप उलटले असावे, बहुधा अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे, असा तज्ज्ञांनी तर्क केला.

अशी चूक संगणकाला स्वतःच दुरुस्त करता येईल का? एक खेळ करून पाहा.

नऊ नाणी तीन आडव्या व तीन उभ्या ओळींत कशीही मांडा. आता प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी एक जादा नाणे असे ठेवा, की त्या ओळीतील छाप्यांची संख्या सम होईल. मग चारही उभ्या ओळींखाली तसेच करा. एकूण १६ नाणी झाली. तुम्ही पाठ फिरवा आणि मित्राला कोणतेही एक नाणे उलटायला सांगा. आता एकाच आडव्या आणि एकाच उभ्या ओळीत छापे विषम असतील. त्या दोन ओळी जिथे मिळतात, तेच उलटलेले नाणे!

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांनी याच तत्त्वावर, पण कमी जादा बिटांत काम भागवणारी पद्धत शोधली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीत साधारणपणे दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटे असतात, ती यासाठीच.

घरचे फोटो व कागदपत्रे साठवणाऱ्या फाइल सर्व्हरला अशी मेमरी उपयोगी पडते. साध्या मेमरीत बिट उलटले, तर डिस्क ती चूकच इमानाने जपून ठेवते आणि पुढच्या प्रतींतही तीच उतरते. बेल्जियममध्ये अशक्य आकड्याने चूक उघड केली. फोटोतली चूक कोण सांगणार?

मात्र तुम्हीच पुसलेली फाइल ही मेमरी परत आणत नाही. त्यासाठी वेगळी प्रत हवीच.

आता मित्राला दोन नाणी उलटायला सांगा. काहीतरी बिघडले हे कळते, पण नेमकी कोणती नाणी हे सांगता येते का? करून पाहा!