रानातला साप आणि टोपलीतला साप

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी ‘वनविहार’ आहे. १९८३ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वाघ-अस्वले पाहावयास गेलेली मंडळी तेथील सापांच्या दालनातही डोकावतात; परंतु काचेपलीकडचा अजगर जागचा हलत नाही, म्हणून मुले हिरमुसतात. “जिवंत आहे ना हा?” हा प्रश्न तर ठरलेलाच! वस्तुतः रानातही त्याचा बहुतेक वेळ असाच जातो. सापाचे शरीर आपली ऊब स्वतः निर्माण करीत नाही. ती तो उन्हाकडून व तापलेल्या दगडांकडून घेतो. त्यामुळे त्याला अन्न फार थोडे पुरते, आणि मोठे भक्ष्य गिळलेला अजगर पुढे कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो.

मोकळ्या रानातील साप आपण होऊन माणसाच्या वाटेस जात नाही. त्याला बाह्य कान नाहीत. जमिनीतून येणारी आपल्या पावलांची कंपने जाणवताच तो बहुधा आधीच सरकतो. शेतातील धामण उंदरांचा फडशा पाडते, पाणथळीतील दिवड मासे-बेडकांवर जगतो, आणि हे दोन्ही बिनविषारी. आपल्या देशात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांमुळे होतात. मात्र काठी पडते ती बहुधा बिचाऱ्या धामणीवरच.

आता टोपलीकडे वळू. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास दारोदार पुंगी वाजे, आणि फणा काढून नाग ‘डोलू’ लागे. तो सुरांवर डोलत नसे. समोर हलणाऱ्या पुंगीवर त्याची नजर खिळलेली असे, इतकेच. त्याचे दात अनेकदा मोडलेले, क्वचित तोंडही शिवलेले असे. सणापूर्वी कित्येक दिवस त्याला पाण्यावाचून ठेवीत, म्हणून तहानेने व्याकूळ झालेला तो जीव पुढे येईल ते दूधही पिई. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत गेल्यास प्राणावरच बेतते. आपण हात जोडीत असू, आणि तो मरणपंथाला लागलेला असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे खेळ बेकायदेशीर ठरविले, तरी ते पुरते थांबले आहेत असे म्हणवत नाही. आपल्या आजी पाटावर गंधाने नाग रेखून पूजा करीत, आणि त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नसे. पावसाने बिळे भरून साप वर आलेले असतात, हे ध्यानी घेता ती रीत मोठी शहाणपणाची वाटते.

तथापि सापाला धरण्याचे एक कारण मात्र टाळता येत नाही. सर्पदंशावर खरा उपाय एकच, प्रतिविषाची लस. आणि ती सापाच्या विषावाचून बनत नाही. विषाची अल्प मात्रा घोड्याला वाढत्या क्रमाने टोचतात. त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात, आणि ती वेगळी काढून लस सिद्ध होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामी फार जुने आहे. म्हणून साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. चावलेला भाग हलू न देता रुग्णालय गाठावे.

हे विष मिळविण्याची एक रीत तमिळनाडूतील इरुळा लोकांनी घालून दिली आहे. पूर्वी ते कातड्यांसाठी साप मारीत. कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर, १९७८ साली, चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली. ते साप धरून आणतात, मातीच्या मडक्यात तीन-चार आठवडे ठेवतात, काही दिवसांच्या अंतराने त्याचे विष काढतात, आणि मग त्याला रानात सोडून देतात. सोडण्यापूर्वी पोटावरील खवल्यांची कडा किंचित कातरून खूण करतात. तो साप पुन्हा हाती लागला, तर ती खूण पाहून त्याला तसाच सोडतात. पुढे काही वेळा कात टाकली की खूण नाहीशी होते.