चल आणि अंगभूत फलने : मजकूर-संपादकावरील एक पाठ



हजेरीपट, गुणपत्रक, प्रमाणपत्र ही शाळेची नित्याची लेखी कामे आता बहुतांशी संगणकावर होतात. यंत्र काम झपाट्याने करते, परंतु ते सांगितले तेवढेच करते. काय सांगावयाचे हे ज्यास नीट ठाऊक नाही, त्याच्या हातून मुलांचे नुकसान होण्याचा संभव असतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, आपल्या वर्गात ज्ञानेश्वरी नावाची मुलगी आहे. प्रमाणपत्रे तयार करणाऱ्याने नावासाठी तीस जागा राखून ठेवल्या आहेत. प्रमाणपत्र छापून येते, त्यावर नाव असते ‘ज्ञानेश्वर’. केवळ शेवटची वेलांटी गळाली आणि मुलीचा मुलगा झाला! नावात तर चारच अक्षरे आहेत. मग तीस जागा अपुऱ्या कशा पडल्या? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजच्या पाठाचा हेतू होय.

साधनाची ओळख

पाठासाठी आपण ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक घेऊ. मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे व शोधणे ही मजकूर-संपादकाची कामे. बिल जॉय ह्यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियात ‘व्हीआय’ नावाचा संपादक रचण्यास आरंभ केला. त्याच्या धर्तीवर नेदरलँड्‌समधील ब्राम मोलेनार ह्यांनी व्हिम तयार केला व १९९१ साली तो लोकांपुढे ठेवला. तो विनामूल्य मिळतो. ज्यांना तो उपयोगी वाटेल त्यांनी युगांडातील किबाले येथील गरजू मुलांसाठी यथाशक्ती मदत करावी, एवढीच विनंती मोलेनार ह्यांनी त्यासोबत जोडली होती. २०२३ साली ते निवर्तले. त्यांचे काम इतरांनी पुढे चालविले आहे.

ह्या संपादकाला स्वतःची एक छोटी आज्ञाभाषा आहे. २०२२ सालच्या नवव्या आवृत्तीत तिचे अधिक काटेकोर असे नवे रूप आले. तथापि जुने रूपही चालते, आणि नवशिक्यास तेच सोपे पडते. येथे तेच घेतले आहे. आज्ञा व चलांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावयाची असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. आज्ञांतील अंकही प्रत्यक्षात इंग्रजी अंकच टंकावेत.

१. चल म्हणजे काय?

बीजगणितात आपण एखाद्या अक्षरास किंमत देतो, तीच ही कल्पना. किंमत ठेवण्याच्या जागेला दिलेले नाव म्हणजे चल. ‘लेट’ ह्या आज्ञेने चलास किंमत देतात आणि ‘एको’ ह्या आज्ञेने ती पडद्यावर पाहतात.

लेट नाव = "ज्ञानेश्वरी"
एको नाव

पुन्हा ‘लेट नाव = "सुमन"’ असे लिहिले, तर पहिली किंमत पुसली जाऊन दुसरी येते. फळ्यावरील सुविचार रोज बदलतो, पण फळ्यावरची त्याची चौकट तीच राहते, तसेच हे. चलाच्या नावात रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढीच चिन्हे चालतात, आणि नावाचा आरंभ अंकाने करता येत नाही.

२. चलाची हद्द

गावच्या चावडीवर लावलेली सूचना सर्वांना दिसते, शाळेच्या फळ्यावरची शाळेपुरती असते, आणि मुलाच्या पाटीवर लिहिलेले त्याचे त्यालाच. चलांचेही असेच आहे. नावाच्या आधी एक अक्षर व विसर्गासारखी दोन टिंबे लिहून त्याची हद्द दाखवितात.

जी: — सर्वत्र चालणारा चल.
बी: — उघडलेल्या एका मजकुरापुरता.
एस: — आज्ञांच्या एका लिखित फाइलपुरता.
एल: — एका फलनापुरता, फलन संपताच तो नाहीसा होतो.
ए: — फलनास बाहेरून दिलेली किंमत.
व्ही: — संपादकाने स्वतः ठेवलेला चल.

अक्षर न लिहिल्यास चल फलनाच्या बाहेर ‘जी:’ समजला जातो व फलनाच्या आत ‘एल:’. पाटीवरचे काम चावडीवर मांडू नये. मग एकाच नावाचे दोन चल एकमेकांस पुसून टाकीत नाहीत.

३. अंगभूत फलने

फलन म्हणजे ठरलेले काम करून उत्तर परत देणारी योजना. संपादकाबरोबरच जी फलने तयार मिळतात ती अंगभूत. अशी शेकडो फलने व्हिममध्ये आहेत. ‘गेटलाइन(५)’ हे पाचवी ओळ आणून देते, ‘लाइन('$')’ शेवटच्या ओळीचा क्रमांक सांगते, ‘मॅक्स’ हे यादीतील सर्वांत मोठी संख्या काढून देते. अंगभूत फलनांची नावे लहान रोमन अक्षराने सुरू होतात. आपण रचलेल्या सर्वत्र चालणाऱ्या फलनाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करावे लागते. त्यामुळे घरचे कोणते व आयते कोणते हे पाहताक्षणी कळते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. नावाची लांबी तीन प्रकारे विचारून पाहा.

एको स्ट्रलेन(नाव) — उत्तर ३३
एको स्ट्रचार्स(नाव) — उत्तर ११
एको स्ट्रचार्स(नाव, १) — उत्तर ६

वर्गातील कोणत्याही मुलास विचारा. ते टाळ्या वाजवीत म्हणेल, ज्ञा-ने-श्व-री, चार! तेहेतीस, अकरा, सहा आणि चार. ह्यांपैकी खोटे उत्तर एकही नाही. प्रत्येकाने वेगळी वस्तू मोजली, एवढेच.

‘स्ट्रलेन’ हे बाइट मोजते. बाइट हे संगणकाच्या साठवणीचे लहान माप होय. युटीएफ-८ ही लेखनपद्धती केन थॉम्पसन व रॉब पाइक ह्यांनी १९९२ साली रचली. तीत रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, परंतु नागरीतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. ‘स्ट्रचार्स’ हे चिन्हे मोजते : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी, अशी अकरा. अकरा त्रिक तेहेतीस, हा ताळा मुलांकडून करून घ्यावा. दुसरी किंमत १ दिली की मागील अक्षरास चिकटणारी चिन्हे, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त इत्यादी, वगळली जातात. उरतात ज, ञ, न, श, व, र ही सहा.

आता चूक उघड झाली. ज्याने तीस जागा राखल्या, त्याने तीस बाइट राखले होते. तीस बाइटांत दहाच चिन्हे मावली आणि अकरावे चिन्ह, म्हणजे ती वेलांटी, बाहेर राहिली. ‘एको स्ट्रपार्ट(नाव, ०, ३०)’ असे लिहून ही चूक वर्गात घडवून दाखविता येते.

उपायही सोपा आहे. प्रत्येक ओळीवर एक नाव अशी यादी उघडावी आणि जागा राखण्यापूर्वी पुढील आज्ञा द्यावी :

एको मॅक्स(मॅप(गेटलाइन(१, '$'), 'स्ट्रलेन(व्ही:व्हॅल)'))

‘मॅप’ हे यादीतील प्रत्येक नाव आळीपाळीने ‘व्ही:व्हॅल’ ह्या चलात ठेवते व त्याची बाइटसंख्या काढते. ‘मॅक्स’ त्यांतील सर्वांत मोठी सांगते. तेवढी जागा राखली की यादीतील कोणाचेही नाव तुटणार नाही.

४. स्वतःचे फलन

मुलाचे उत्तर ‘चार’ हे कोणत्याच अंगभूत फलनाने दिले नाही. ते आपण रचू. जोडाक्षरात दोन व्यंजनांमध्ये एक हलन्त असतो. म्हणून सहातून हलन्तांची संख्या वजा केली की अक्षरे मिळतील : ६ − २ = ४. हलन्ताचा संकेतक्रमांक २३८१ आहे. पुढील ओळी एका फाइलीत लिहाव्यात :

लेट एस:हलन्त = एनआरटूचार(२३८१)
फंक्शन अक्षरसंख्या(शब्द)
  लेट एल:मूळ = स्ट्रचार्स(ए:शब्द, १)
  रिटर्न एल:मूळ - काउंट(ए:शब्द, एस:हलन्त)
एंडफंक्शन

आज शिकलेले ‘एस:’, ‘एल:’ व ‘ए:’ हे तिन्ही प्रकार ह्या पाच ओळींत आले आहेत, हे विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणावे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द देऊन ताळा पाहावा : ३० बाइट, १० चिन्हे, चिकटणारी वगळून ६, आणि आपल्या फलनाने ४.

५. एक सावधगिरी

चलात मजकूर आहे की संख्या, इकडे लक्ष असावे. इंग्रजी अंकांत लिहिलेला मजकूर बेरजेत घेतल्यास ही भाषा त्याची संख्या करते. नागरी अंक मात्र तिला अंक म्हणून कळत नाहीत. "४५" हा नागरीत लिहिलेला मजकूर घेऊन त्यात ५ मिळविले, तर उत्तर ५० न येता ५ येते. आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही! पंचेचाळीस गुण मिळविलेल्या मुलाच्या नावावर शून्य जमा व्हावे, ह्याहून मोठा अन्याय कोणता? बेरजेपूर्वी ‘टीआर’ ह्या अंगभूत फलनाने नागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालून घ्यावेत. ह्या फलनास तीन गोष्टी द्यावयाच्या : मूळ मजकूर, शून्य ते नऊ नागरी अंक, आणि त्याच क्रमाने इंग्रजी अंक.

संकलन

चल म्हणजे किंमतीला दिलेले नाव. त्यास हद्द असते. फलन म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारी योजना. आणि उत्तर बरोबर असूनही प्रश्न चुकलेला असू शकतो. ‘लांबी किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘कशाची लांबी?’ हे ठरवावे. यंत्राने काढलेली यादी मुलांसमोर एकदा मोठ्याने वाचावी. आपले नाव चुकले तर मूल तत्काळ सांगते.

स्वाध्याय

१. ‘श्रीकृष्ण’ ह्या नावाची बाइटसंख्या, चिन्हसंख्या व अक्षरसंख्या आधी वहीत काढा व मग यंत्राकडून पडताळा.

२. ‘जगत्’ हा शब्द आपल्या फलनास दिल्यास उत्तर २ येते. का? शेवटी हलन्त असलेल्या शब्दांसाठी फलनात कोणती दुरुस्ती कराल?

३. आपल्या वर्गाच्या पटातील सर्वांत अधिक बाइट लागणारे नाव कोणते, ते मुलांकडून आधी अंदाजाने व मग मोजून काढवा.