भाताचे पहिले चाळीस दिवस

कल्याणजवळच्या मोहने, गाळेगाव, बल्याणी, उंभर्णी या पट्ट्यात भातखाचरं आता मोजकीच उरली आहेत. जागाच इतकी कमी, की इथल्या शेतकऱ्याला ‘निसर्गासाठी वेगळा तुकडा राखून ठेवा’ असं सांगणं म्हणजे थट्टा होईल. त्याची गरजही नाही. पावसाचं पाणी अडवलेलं खाचर चार महिने स्वतःच पाणथळ असतं. बेडूक, कोळी, चतुर, बगळे, मासे आपणहून येतात. ते टिकतील असं पीक कसं घ्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

सुरुवात रोपवाटिकेपासून. राब भाजायची चाल आपल्याकडे जुनी. तण आणि तणाचं बी जळतं म्हणून ती टिकली. पण दर वर्षी ऐनाच्या फांद्या छाटायच्या आणि त्यांच्यासोबत जमिनीतला जीवही भाजायचा, हा सौदा महाग आहे. त्याऐवजी गादीवाफे करा आणि गिरणीतून आणलेल्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मातीत मिसळा. राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं आणि खोडकिड्याला त्यात शिरणं जड जातं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतलं हे पहिलं सूत्र. बियाणं पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगणारं पोचट बी काढून टाका आणि खाली बसलेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

आवणीच्या दिवशीच खताचा निर्णय होतो. युरिया वरवर फेकला आणि रात्री जोराचा पाऊस झाला, की त्यातला बराचसा ओढ्याने नदीत जातो. चारसूत्रीत 15 आणि 25 सेंटिमीटर अशा जोडओळीत लावणी करतात आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. हाताला काम जास्त पडतं, मजूर कुरकुरतात. पण खत मुळाशी राहतं. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी मुख्यतः वरच्या गावा-शहरांच्या सांडपाण्यावर पोसते. तिचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. तरी विकत आणलेलं खत तिला खाऊ घालण्याचं कारण नाही.

आता फवारणी. आवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानं गुंडाळलेली, पांढरट दिसू लागतात आणि बांधावरून जाणारा प्रत्येक जण एकेका औषधाचं नाव सांगतो. त्या वेळी हात आवरा. फुटवे येण्याच्या काळात भात पानांचं बरंचसं नुकसान भरून काढतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने व्हिएतनाममध्ये हाच निरोप शेतकऱ्यांपर्यंत पोचवला होता: पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी पेरणीनंतरचे पहिले चाळीस दिवस फवारा नको. लवकर मारलेल्या औषधाने आधी कोळी आणि मिरीड ढेकूण मरतात. तुडतुड्यांना खाणारे तेच. ते गेले की तुडतुडे आवरत नाहीत. इंडोनेशियात 1986 मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी असा कहर केला, की सरकारने भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली.

खोडकिड्याकडे मात्र डोळेझाक नको. आवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडा, कारण अंडीपुंज पानाच्या टोकाशी असतात. शेतात तिरपं चालत फुटवे मोजा. शंभरात पाच गाभेमर किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसला, तर मात्र वाट पाहू नका. कृषी विभागाला विचारून शिफारशीचंच औषध घ्या. पंप ओढ्यावर धुऊ नका. मोहन्याला उचललेलं उल्हास नदीचं पाणी कल्याण-डोंबिवली पिते, आपल्याच घरच्या नळालाही तेच येतं.

वलगणीचे मासे पकडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे कुणी मागे हटत नाही. पहिल्या मोठ्या पावसात मरळ, शिवडे नदीतून ओढ्याने खाचरात चढतात ते अंडी घालायला. पकडू नका असं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, आणि मीही जेवताना नाही म्हणणार नाही. पण ओढ्याचं तोंड आडवं जाळं लावून पूर्ण बंद करू नका. एका कडेने वाट मोकळी ठेवा. चढणाऱ्यातले काही वर पोचले तर पुढच्या वर्षी चढायला मासे राहतील. खाचरातलं पाणी बाहेर सोडाल, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा असू द्या, पिल्लं त्यात तग धरतात. बेडकांनाही असंच जपा. त्यांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये थांबवली. आता त्यांना मारतं ते बांधावरचं तणनाशक. दुसरा धोका म्हणजे मुठ्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी, ठेवलेला विषारी भात. मुठे बांध पोखरतात हे खरं. पण ते रात्री बत्तीने पकडता येतात आणि त्यांचं कालवण होतं. विष घातल्यावर मेलेले मुठे खाणारा बगळाही मरतो, शिवाय शेजारच्या घरी कालवण कशाचं झालं ते आपल्याला कळत नाही. बिळं दगड-चिखलाने चेपून बांध धरा.

बांधावर तणनाशक मारायचंच नाही, असं एकदा ठरवून टाका. टाकळा, कुर्डू तिथेच उगवतात आणि कल्याणच्या बाजारात विकत घ्यावे लागतात. मोकळ्या बांधावर तूर टोका.

कापणी जमिनीलगत करा. धसकटात खोडकिड्याची अळी लपलेली असते, म्हणून लगेच नांगरट करून धसकटं गोळा करा. ओल असेल तिथे वाल पेरा. त्याला पाणी द्यावं लागत नाही. ज्यांना ओढ्याकाठी भाजी करायची आहे, त्यांनी सांडपाणी मिसळलेला ओढा टाळावा. बंधाऱ्यातून काढलेल्या जलपर्णीचं खत पालेभाजीला घालू नये, कारण ती पाण्यातले जड धातू शोषून घेते.